सात नंबरचा दातोरा

“आऽ तीऽ ती ती ती...”

माळाच्या खालच्या अंगाला असलेल्या वस्तीतून हाक आली आणि कचरू दचकला.

हाक त्याला नव्हती. दुपारचे चार वाजले की वस्तीतली कुणी म्हातारी कोंबड्यांना दाणे टाकायची आणि या मुलखातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जशा बोलावत आल्या तशीच बोलवायची. त्यात घाबरण्यासारखं काय? पण कचरूच्या पुढ्यात, वाळलेल्या गवतात, सात दातोरे टोळ टिपत होते. त्यांतल्या सहांनी मानसुद्धा वर केली नाही. सातव्याने केली. पायात निळं कडं असलेला तो सात नंबर एक पाय उचलून थबकला, मान वाकडी करून त्याने आवाज नीट ऐकला आणि सरळ वस्तीच्या दिशेने चालू लागला. लग्नाचं आवतण आल्यासारखा, मजेत.

कचरू धावला. अंगात पिसांचा जड झगा, डोळ्यांवर जाळी, उजव्या हातात दातोऱ्याच्या मादीचं लाकडी मुंडकं. छप्पन्न वर्षांच्या माणसाने धावावं तरी किती? कसाबसा तो सात नंबरच्या पुढे गेला आणि पिल्लांना अडवताना आई पंख पसरते तशा त्याने झग्याच्या दोन्ही बाजू पसरल्या. सात नंबर थांबला, पण त्याची नजर कचरूला ओलांडून वस्तीकडेच होती. मग खालची हाक बंद झाली आणि तो वळला. हाक थांबली म्हणून वळला, कचरूने अडवलं म्हणून नव्हे. कचरूला ते पुरतं कळलं.

दातोरा आता फारसा कुणी पाहिलेला नाही. कचरूच्या आजाच्या काळात केदारखेड्याच्या शिवारात कापसाच्या ओळींमधून ते पळताना दिसायचे. माणसाच्या कमरेइतकी उंची, अंगभर वाळल्या गवताच्या रंगाची पिसं, मागे लांब ताठ शेपूट, पंखांच्या टोकांना तीन-तीन नख्या, आणि चोचीच्या जागी चक्क तोंड, त्यात करवतीसारखे बारीक दात. उडता येत नाही, पण पळतो असा की मोटारसायकलवाल्याने हात टेकावेत. शहरातून येणारी शिकली-सवरलेली माणसं त्याला पाहून डायनासोर, डायनासोर म्हणून हरखून जातात. कचरूच्या आजाने तो शब्द कधी ऐकला नव्हता. त्याच्या लेखी दातोरा म्हणजे शेतातले उंदीर खाणारा आणि संधी मिळाली की दारातली कोंबडी उचलणारा एक रानजीव. उंदीर मारल्याचे उपकार कुणी लक्षात ठेवले नाहीत, कोंबड्या मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवल्या. काठ्या, कुत्री आणि विषाच्या गोळ्या यांनी वीस-तीस वर्षांत दातोऱ्यांचा निकाल लावला.

उरलेल्या चार-दोन जोड्यांची अंडी उबवायला बदनापूरच्या पुढे, रेल्वे फाटकापलीकडे, एक संगोपन केंद्र निघालं. कचरूची बायको उषाबाई वारली, त्यानंतर तिसऱ्या महिन्यात कचरू तिथे रोजंदारीवर लागला. केदारखेड्याचं शेत त्याने भावाला कसायला दिलं, घराला कुलूप लावलं आणि केंद्राच्या आवारातल्या एका खोलीत राहायला आला. मुलगा कल्याण पुण्याकडे कंपनीत. त्याचा फोन रविवारी सकाळी यायचा.

“जेवलात का, दादा?”

“जेवलो.”

“गोळ्या घेता ना?”

“घेतो.”

“बरं. ठेवू मंग?”

“ठेव.”

एवढंच. पोरगा वाईट नव्हता आणि बापाचंही त्याच्यावर प्रेम होतं, पण दोघांच्या मधलं बोलणं उषाबाई करायची. ती गेली आणि दोघांनाही कळलं की आपल्याला एकमेकांशी बोलता येत नाही.

केंद्राचा नियम एकच होता, पण कडक: पिल्लांना माणूस कळता कामा नये. माणसाची भीती गेलेला दातोरा रानात सोडला तर आठ दिवसांत कुठल्या तरी वस्तीत मारला जातो. म्हणून पिल्लांजवळ जाताना झगा घालायचा. गोणपाटावर पिसं शिवून केलेला, डोक्यापासून पायापर्यंतचा. हातातल्या मुंडक्याच्या जबड्यात मांसाचा तुकडा धरून भरवायचं. तोंड दाखवायचं नाही, पिल्लांना नाव द्यायचं नाही आणि बोलायचं तर अजिबात नाही. केंद्राच्या प्रमुख ज्योत्स्ना मॅडम यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘बोलू नये’ असं लिहून ठेवलं होतं. कचरूला ते मुळीच जड गेलं नाही. बोलायला होतं कोण? सोबत काम करणारी शालू एक नंबरची बडबडी, तिची मात्र पहिले दोन महिने फार घुसमट झाली.

आणि शेवटी नियम मोडला कुणी, तर या मुखदुर्बळ माणसाने.

गेल्या आषाढात सात पिल्लं निघाली. सातवं सगळ्यांत उशिरा निघालं, मुठीएवढं, मान धरेना असं. त्याला बाकीच्यांपासून वेगळं ठेवलं, पण दोन दिवस त्याने तोंड उघडलं नाही. मुंडक्याने भरवून पाहिलं, यंत्रातून मादीचा आवाज लावून पाहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी शालू पलीकडच्या आवारात गेलेली असताना कचरू त्याच्यापुढे बसला होता. बघता बघता त्या पिल्लाची मान खाली गेली. त्या क्षणी, कसं कुणास ठाऊक, कचरूच्या तोंडातून हाक निघून गेली: “तीऽ ती ती ती.” उषाबाई केदारखेड्याच्या अंगणात द्यायची तीच. पिल्लाने डोळा उघडला. मग तोंड उघडलं.

त्या दिवसापासून सात नंबर हाकेशिवाय जेवेना आणि कचरूला त्याला हाक दिल्याशिवाय चैन पडेना. हाकेमागून शब्द आले. आज भाजीत मीठ जास्त पडलं. पायाचा गुडघा दुखून राह्यलाय. कल्याणचा फोन आल्ता. शालू आसपास नाही असं बघून तो झग्याच्या जाळीतून हळू आवाजात बोलायचा आणि सात नंबर त्याच्या पायाशी शेपूट टाकून ऐकत बसायचा. एका दुपारी कचरूने त्याला ते सांगितलं, जे पोटच्या पोरालाही सांगितलं नव्हतं. “ती गेली त्या दिवशी दोनदा फोन आल्ता तिचा. म्या बाजारात बैल बघून राह्यलो व्हतो. म्हणलं, करतो नंतर.” एवढं बोलून तो रडला. कुणी तरी ऐकून घेतलं, याचं त्याला फार बरं वाटलं.

आता पिल्लं वाढली होती. मंठ्याच्या अलीकडच्या या गवताळ माळावर आणून त्यांना नऊ दिवस झाले होते. झगा घातलेली ‘आई’ त्यांना रोज जाळीच्या कुंपणाबाहेर न्यायची, शिकार करू द्यायची, परत आणायची. आणखी चार दिवसांनी जाळी कायमची उघडायची होती. आज पहिल्यांदाच चार वाजता ते वस्तीच्या इतक्या जवळ आले होते, आणि कचरूच्या ध्यानात आलं होतं की आपण सात नंबरला नेमकं काय शिकवून ठेवलंय. गुडघा दुखतो हे दातोऱ्याला सांगितल्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण त्याने त्याला हाक शिकवली होती, आणि तीही अशी, की जी रोज चार वाजता प्रत्येक वस्तीतून, प्रत्येक दारातून येते.

संध्याकाळी दातोरे जाळीत गेल्यावर झगा उतरवून तो वस्तीत गेला. पहिल्याच घरापुढे एक म्हातारी कोंबड्यांचं डालं झाकत होती.

“राम राम, माय. पाणी भेटंल का?”

“बस की. तू त्या जाळीवाल्यायचा माणूस ना?” म्हाताऱ्या झुंबरबाईंनी तांब्या आणून दिला. “काय पाळून राह्यले रे तुम्ही तिथं? दात हायेत म्हणतेत त्याला.”

“दातोरा हाये, माय. वस्तीत येणार न्हाई तो.”

“नकोच येऊ. माही आजी सांगायची, एका दुपारी चार कोंबड्या नेल्त्या त्यानं.” म्हातारीने दाराशी टेकवलेली काठी दाखवली. “आला तं काठी हाये, कुत्रं हाये. मंग नका म्हणू म्हातारीनं मारला म्हणून. लेकी गेल्या आपापल्या घरी. घरात बोलायला ह्याच हायेत मला.”

कचरूने तांब्या तसाच हातात धरला. “माय, एक इचारू? कोंबड्यायला दुसरं काही म्हणून बोलावलं तं येत न्हाईत का?”

“दुसरं काहून?”

“न्हाई, असंच. कुर्र कुर्र म्हणलं, नाहीतर टाळी वाजवली...”

“येडा हायेस का रे तू?” म्हातारीला हसू आवरेना. “माही माय असंच बोलवायची, सासू बी असंच. तुह्या घरी कसं बोलवायचे?”

“असंच,” कचरू म्हणाला. भरलेला तांब्या त्याने तसाच दाराशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योत्स्ना मॅडम जीपमधून आल्या तेव्हा तो त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. “मॅडम, सात नंबर सोडू नका. हाकंवर येतो तो. कोंबड्यायच्या. म्या लावली सवय.”

मॅडमना पहिल्यांदा काही समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांनी जीपचं दार धाडकन लावलं. “तुम्ही, कचरूमामा? शालूचं नाव कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला असता. किती दिवस चाललंय हे?”

“पहिल्यापासून.”

“तुम्हाला कामावरून काढायला हवं मी,” त्या म्हणाल्या. राग आवरून त्या जाळीकडे बघत होत्या. “पण मग त्याला खायला कोण घालणार? आता त्याला परत न्यायचं. जन्मभर पिंजऱ्यात. वीस-बावीस वर्षं जगतात हे. तुम्हीच राहा त्याच्याजवळ, आता झगासुद्धा घालू नका. लपवायचं काय उरलंय?”

खोटं कशाला सांगा, कचरूला आधी आनंदच झाला. शिक्षा म्हणून जे सुनावलं गेलं ते त्याला देवाने दिल्यासारखं वाटलं. पिंजऱ्यापाशी पाट टाकून बसावं, उघड्या तोंडाने बोलावं, कुणाची चोरी नाही, कुणाचं भय नाही. आपल्या मागं बी कोणी तरी राहील ऐकणारं, असंसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं. तो होकाराची मान हलवणारच होता.

तेवढ्यात शालूने झगा घालून जाळीचं दार उघडलं आणि दातोरे बाहेर पडले. सात नंबर पळत सुटला. केंद्रातलं आवार चाळीस पावलांचं. तिथे जरा वेग घेतला की लगेच वळावं लागायचं. इथे तो वळलाच नाही. शेपूट ताठ, मान पुढे, तो माळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, तिथून परत फिरला आणि पुन्हा तसाच गेला. मागे कुणी लागलं नव्हतं, पुढे काही शिकार नव्हती. पळता येतं म्हणून पळत होता. कचरूने ते पाहिलं आणि त्याचा आनंद मावळला.

“मॅडम, तीन दिवस द्या मला,” तो म्हणाला. “म्या लावली, म्याच मोडतो.”

सोडायच्या आधी दातोऱ्यांना माणसाची दहशत बसवावी लागते. बिनझग्याची माणसं डबे वाजवत, ओरडत, ढेकळं फेकत त्यांच्या अंगावर जातात. ते काम एरवी गावातले मजूर करतात, झगा घालणाऱ्याने करायचं नसतं. कचरूने सात नंबरपुरतं ते स्वतःकडे घेतलं. शालू बाकीच्या सहांना घेऊन माळाच्या पलीकडच्या अंगाला गेली. कचरूने झगा उतरवून बाभळीच्या फांदीला अडकवला, माळाला लागून असलेल्या नांगरटीत तो उघड्या तोंडाने उभा राहिला आणि त्याने हाक दिली.

“आऽ तीऽ ती ती ती.”

सात नंबर धावत आला. दहा पावलांवर येऊन गोंधळला, कारण आवाज ओळखीचा आणि माणूस अनोळखी. नऊ महिन्यांत त्याने हे तोंड कधी पाहिलं नव्हतं. कचरूने पत्र्याचा डबा बडवला आणि ढेकूळ भिरकावलं. ते दोन हात लांब पडलं. दुसरंही लांब पडलं. सात नंबर चार उड्या मागे गेला आणि पुढची हाक ऐकताच परत आला. त्याला तो खेळ वाटला. दिवसभर असंच चाललं.

“मामा,” शालू संध्याकाळी म्हणाली, “तुमचा नेम चुकून राह्यला, का तुम्ही चुकवून राह्यले?”

कचरूने डबा उचलला आणि तो जाळीकडे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी त्याने चुकवला नाही. हाक दिली, सात नंबर तसाच उत्साहाने आला आणि पहिलंच ढेकूळ त्याच्या बरगडीवर बसलं. त्याच्या तोंडून कधी नव्हे असा चिरका आवाज निघाला. कचरूने पुन्हा हाक दिली. तो थबकत थबकत आला. पुन्हा ढेकूळ बसलं. हाक द्यायची, येऊ द्यायचं आणि मारायचं. उषाबाईची हाक होती ती, आणि कचरू तिच्यात एकेका ढेकळाने विष कालवत होता. चौथ्या वेळी सात नंबर जीव घेऊन पळाला, पण गवताकडे गेला नाही. तो सरळ बाभळीकडे गेला आणि लटकणाऱ्या झग्याच्या आत शिरला.

लहानपणी पाऊस-वारा आला की तो असाच शिरायचा. आता मावत नव्हता. शेपूट आणि मागचे दोन्ही पाय बाहेर राहिले होते. थरथरत होता. मग त्याने मान बाहेर काढली आणि झग्याच्या रिकाम्या टोपाकडे वर पाहिलं. आता आईने काही तरी करावं, असं त्याला वाटत असणार.

कचरू पंधरा पावलांवर उभा होता. एक शब्द पुरला असता. मी हाये रे, येड्या, एवढं बोलला असता तरी त्याची थरथर थांबली असती, आणि मग वीस-बावीस वर्षांचा पिंजरा. कचरूने दात आवळले, खाली वाकला आणि त्यातल्या त्यात मोठं ढेकूळ उचललं. ते बरोबर मानेखाली बसलं. सात नंबर झग्यातून निसटला आणि गवतात दिसेनासा झाला.

शालू पाणी घेऊन आली तेव्हा कचरू नांगरटीत खाली बसला होता.

“लई लागलं का, मामा?” तिने विचारलं.

“मला कुठं लागलं?” कचरू म्हणाला. तिने धरलेला तांब्या घेऊन त्याने आधी मातीने माखलेले हात धुतले.

तिसऱ्या दिवशी कचरूने हाक दिलीच नाही. मॅडमनी सातही दातोरे माळावर सोडायला लावले आणि सगळे चार वाजायची वाट बघत जीपच्या आडोशाला बसले. कचरूचा जीव टांगणीला लागला होता. वस्तीच्या बाजूचं गवत मजुरांनी कापून नेलं होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. सात नंबर जरासा लंगडत होता.

चार वाजले. झुंबरबाईंचा आवाज माळावर आला.

सात नंबरने मान वर केली. क्षणभर तो जागच्या जागी ताठ झाला. मग तो असा उधळला की बाकीच्या सहांना काही कळायच्या आत पन्नास पावलं पुढे गेला होता, वस्तीकडे पाठ करून. त्याची भीती पाहून तेही घाबरले आणि त्याच्यामागे पळाले. ज्यांना हाक ठाऊकही नव्हती त्यांनासुद्धा ती आता कळली. सातही जण चढावरून पलीकडे उतरले आणि माळ मोकळा झाला.

“झालं!” मॅडम म्हणाल्या. त्यांना हसू फुटलं होतं. “कचरूमामा, सगळ्यांत पुढे तोच होता. बघितलंत ना?”

“बघितलं,” कचरू म्हणाला.

मॅडमनी जाळी उतरवायला सांगितलं. शालू आणि मजूर कामाला लागले, खांब उपटू लागले. कचरूला कुणी काम सांगितलं नाही, म्हणून तो चालत खाली वस्तीपर्यंत गेला आणि झुंबरबाईंच्या कुंपणापाशी उभा राहिला. कोंबड्या म्हातारीच्या पायांत घोटाळत दाणे टिपत होत्या. एक तुऱ्याची मागे राहिली होती, तीही पंख फडफडवत पळत आली आणि घोळक्यात घुसली.

“का रे, पाणी पाह्यजे का?” म्हातारीने विचारलं.

“न्हाई, माय.” तो जरा घुटमळला. “अजून एक डाव बोलवता का?”

झुंबरबाईंनी पायाशी पाहिलं, बोटाने एकेक मोजली. “समद्या आल्या की. आता कोणाला बोलवू?”

कचरू कुंपणाला धरून माळाकडे बघत राहिला. म्हातारीने त्याच्या तोंडाकडे एकवार पाहिलं आणि माळाकडे तोंड करून चांगली लांबवर जाईल अशी हाक दिली.

माळावर काहीच हललं नाही.